जाळ्याचा आस

जाळ्याच्या चार गाठींमधली मोकळी चौकट म्हणजे आस. माशाचे अंग आसापेक्षा मोठे असेल तर तो होडीत येतो. लहान असेल तर निसटतो, वाढतो आणि पुढे अंडी घालतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची मासेमारी किती काळ टिकेल, हा प्रश्न शेवटी या एवढ्याशा चौकटीपाशी येतो. आस केवढा ठेवायचा, जाळे कुठे आणि कोणत्या महिन्यात टाकायचे आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावर या किनाऱ्यावर गेली चाळीस-पन्नास वर्षे वाद, मोर्चे, कायदे आणि कधी समुद्रातच हाणामाऱ्या झाल्या आहेत. हा वाद समजायचा तर आधी समुद्र आणि मग जाळी समजून घ्यावी लागतात.

एका किनाऱ्याचे दोन स्वभाव

पालघर जिल्ह्यातल्या झाईपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंतचा हा किनारा वर्षानुवर्षे ७२० किलोमीटरचा म्हणून शिकवला गेला. खाड्यांची वळणे धरून केलेल्या नव्या मोजणीत तो सुमारे ८७८ किलोमीटर भरतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेत या पट्ट्यात ४५६ मच्छीमार गावे आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबे नोंदली गेली.

हा किनारा सगळीकडे सारखा नाही. मुंबईसमोर समुद्राचा तळ जवळजवळ तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ राहतो. दक्षिणेकडे जावे तशी ही उथळ पायरी अरुंद होते. उत्तरेला खंभातच्या आखाताच्या शेजारामुळे भरती-ओहोटीला मोठा जोर असतो, पाणी गढूळ आणि तळ चिखलाचा. तिथे बोंबील, जवळा, मांदेली, घोळ, दाढा आणि पापलेट यांचे राज्य. रत्नागिरीच्या खाली पाणी निवळते, तळाला वाळू आणि खडक लागतात आणि बांगडा, तारली, सुरमई यांचे थवे दिसू लागतात. बोंबील तर रत्नागिरीच्या दक्षिणेला जवळपास नाहीसाच होतो. तो पुन्हा मोठ्या प्रमाणात सापडतो तो थेट पूर्व किनाऱ्यावर, बंगालच्या बाजूला.

या समुद्राची श्रीमंती पावसाळ्यात तयार होते. मोसमी वारे सुटले की पृष्ठभागाचे पाणी बाजूला सरते आणि खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. ही उलथापालथ केरळ-कर्नाटकसमोर सर्वांत जोमदार असते. कोकणाला दुसरीही मदत मिळते, ती नद्यांची. वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी यांच्या पुरांबरोबर डोंगरमाथ्याची माती आणि पालापाचोळ्याचे सत्त्व समुद्रात उतरते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी आणि जवळ्यासारखी बारीक कोळंबी. जवळा खायला बोंबील येतो, बोंबलाच्या मागे मोठे मासे. अनेक जातींची अंडी आणि पिल्ले याच काळात किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांतल्या तिवरांच्या मुळांत आसरा घेतात. पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रात घालायच्या, ही कोळीवाड्यांची जुनी रीत खवळलेल्या समुद्राच्या भयातून आली असेल. पण तिने कित्येक पिढ्या या पिल्लांचेही रक्षण केले.

डोल, दालदी, रापण

उत्तर किनाऱ्याचे खास जाळे म्हणजे डोल. हे नरसाळ्याच्या आकाराचे, पन्नास मीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही लांब असते. तोंडाशी आस इतका मोठा की हाताचा पंजा सहज आत जावा. मागे सरकत जावे तसा तो बारीक होत जातो आणि शेवटच्या पिशवीपाशी, म्हणजे खोल्यापाशी, करंगळीही जेमतेम शिरते. समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना किंवा नांगरांना डोलीचे तोंड बांधतात. मासे शोधत हे जाळे कुठे जात नाही. भरतीचे किंवा ओहोटीचे पाणी जोराने वाहू लागले की प्रवाहाबरोबर येणारे सगळे आत जाते. पाणी थबकले की खलाशी खोला वर ओढतात, त्याची गाठ सोडतात आणि होडीत चंदेरी-गुलाबी रास ओततात. तीत बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, एखादा मोठा दाढा आणि नखाएवढी असंख्य पिल्ले असतात.

या मासेमारीला डिझेल कमी लागते, पण पंचांग लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो आणि डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी मंद, तेव्हा जाळी दुरुस्त करायची. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही येतो. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास. घड्याळाच्या दृष्टीने हा आडाखा ढोबळ आहे, पण होडी खाडीबाहेर काढायला पुरेसा.

डोल बांधण्याच्या ठरलेल्या जागेला कव म्हणतात. कोणत्या गावाची कव कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. सातपाटी, मुरबे भागातले मच्छीमार पापलेटसाठी दालदी वापरतात. ते पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे असते आणि मासा त्याच्या आसात कल्ल्यापाशी अडकतो. दालदीचा गुण असा की आस ज्या मापाचा त्या मापाचाच मासा सापडतो. त्याहून लहान आरपार जातो. दालदी आणि डोल एकाच पाण्यात आल्या की भांडण ठरलेले. वसई-उत्तनकडच्या कवी उत्तरेकडे सरकत आल्या, या तक्रारीवरून पालघरच्या समुद्रात अनेक वर्षे तणाव आहे.

दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. एका रापणीला चाळीस-पन्नास हात लागतात. आलेल्या मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्यांचे वेगळे. मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापणीला मिळतो, ही तिची मर्यादा आहे. तीच समुद्राच्या दृष्टीने तिची मोठी जमेची बाजू.

इंजिन, नायलॉन आणि बर्फ

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जाळी सुती किंवा तागाची होती, होड्या शिडाच्या. पन्नाशीच्या दशकात भारत-नॉर्वे प्रकल्पाने केरळच्या नीण्डकरा भागात यांत्रिक होड्या आणल्या. साठच्या दशकात अमेरिका आणि जपानच्या बाजारपेठेत कोळंबीला भाव मिळू लागला आणि तळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे पश्चिम किनाऱ्यावर झपाट्याने पसरले. नायलॉनचे जाळे कुजत नाही, पाण्यात दिसत नाही, हलके असते. बर्फामुळे होडीला त्याच दिवशी परतण्याची गरज उरली नाही. यातली प्रत्येक सुधारणा मच्छीमाराच्या कष्टाच्या जगण्यात खराखुरा दिलासा होती, हे विसरून चालणार नाही. शिडाच्या होडीतून वादळात सापडून गेलेल्या माणसांच्या आठवणी प्रत्येक कोळीवाड्यात आहेत.

पण ट्रॉलचा स्वभाव डोलीपेक्षा वेगळा आहे. तो माशाची वाट पाहत नाही, त्याच्या मागे जातो आणि तळावरचे सगळे उचलतो. ओढताना दोऱ्या ताणल्या की शंकरपाळ्याच्या आकाराचे आस मिटतात आणि कागदावर मोठा असलेला आस प्रत्यक्षात चिरेएवढा होतो. म्हणून शास्त्रज्ञ ट्रॉलच्या शेपटीला ४० मिलिमीटरचा चौरस आस सुचवतात. तो ताणाखालीही उघडा राहतो. ट्रॉलच्या राशीतली न विकली जाणारी बारीक मासळी पूर्वी समुद्रात टाकून देत. आता ती फिशमीलच्या कारखान्यांना जाते आणि कोंबड्या व मत्स्यशेतीच्या खाद्यात तिचे पीठ होते. टाकाऊ समजलेल्या पिल्लाला भाव आला, आणि ते पकडण्याचे आणखी एक कारण तयार झाले.

सत्तरच्या दशकात कर्नाटक-गोव्याच्या पाण्यात पर्ससीन आले. बांगडा-तारलीचा थवा दिसला की होडी त्याच्याभोवती फिरून जाळ्याची भिंत उभी करते, मग बटव्याची दोरी ओढावी तशी तळाची दोरी कड्यांतून ओढून घेतात आणि थवा तळासकट बंद होतो. एका फेरीत कित्येक टन मासळी. जी मासळी पुढे किनाऱ्याजवळ येऊन पन्नास माणसांच्या रापणीत वाटली गेली असती, ती एका मालकाच्या होडीत जाते. सिंधुदुर्गातल्या संघर्षाचे मूळ इथे आहे. त्यावर कडी केली ती एलईडी दिव्यांनी. जनरेटरवर प्रखर दिवे लावून रात्री मासा ओढून आणायचा आणि घेरायचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने देशाच्या आर्थिक क्षेत्रात दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरीही अंधाऱ्या रात्री किनाऱ्यावरून क्षितिजावर दिव्यांची रांग दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

साठा कसा घटतो

समुद्रातल्या माशांचा साठा दोन रीतींनी वाढतो: नव्या पिल्लांची भर पडते आणि असलेले मासे वजनाने वाढतात. नैसर्गिक मरण आणि मासेमारी त्यातून वजा होतात. वजाबाकी बेरजेपेक्षा फार वाढली नाही, तर वर्षानुवर्षे तेवढीच मासळी काढता येते. अतिमासेमारीही दोन प्रकारची असते. मासा पूर्ण वाढण्याआधीच पकडला तर वजनाचे नुकसान होते. शंभर ग्रॅमचा पापलेट विकून जे मिळते त्याच्या कित्येक पट तोच मासा पुढच्या हंगामात अर्धा किलोचा झाल्यावर मिळाले असते. दुसरा प्रकार अधिक गंभीर: अंडी घालणारे मोठे मासेच इतके कमी होतात की पुढची पिढीच अपुरी पडते.

प्रत्येक जातीची सहनशक्ती वेगळी असते. बोंबील झटपट वाढतो, दोन-तीन वर्षेच जगतो आणि भरपूर अंडी घालतो. वाईट वर्षातून तो लवकर सावरतो. घोळ मात्र मोठा मासा, पूर्ण वाढायला अधिक वर्षे घेणारा. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, ज्याला मच्छीमार बोत म्हणतात, पूर्वेकडच्या देशांत सोन्यासारखा भाव आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुरब्याच्या एका होडीला एकाच फेरीत १५७ घोळी मिळाल्या आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. गावासाठी तो आनंदाचा दिवस होता आणि त्या आनंदावर कोणी बोट ठेवू नये. पण अंडी घालण्यासाठी एकत्र जमणाऱ्या मोठ्या माशांचा थवा असा एकदम उचलला गेला की पुढे काय होते, हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे आणि तो टळत नाही.

किती मासळी किनाऱ्याला लागली, यावरून समुद्रात किती शिल्लक आहे हे सरळ कळत नाही. होड्यांचे इंजिन दुप्पट ताकदीचे झाले, एका दिवसाची फेरी दहा दिवसांची झाली, मासा शोधणारे यंत्र आले आणि तरी आवक तेवढीच राहिली, तर आकडा स्थिर दिसतो पण समुद्र रिकामा होत असतो. म्हणून शास्त्रज्ञ दर फेरीमागे किंवा दर तासामागे किती मासळी मिळाली, हे पाहतात. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये आणखी एका घसरणीकडे लक्ष वेधले. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्र हाच मूळचा समुद्र मानते. आजोबांना लहान वाटणारा पापलेट नातवाला मोठा वाटतो आणि घट कोणाच्याच हिशेबात पूर्ण येत नाही.

महाराष्ट्राचे आकडे या दृष्टीने वाचावे लागतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१८ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतला नीचांक. त्या वर्षी वायू, हिक्का, क्यार आणि महा अशी वादळे अरबी समुद्रात एकामागून एक आली आणि होड्या आठवडेच्या आठवडे बंदरात अडकल्या. म्हणजे घटीचा काही भाग समुद्रात न गेल्याचा होता. याच संस्थेने २०२२ मध्ये देशभरातल्या १३५ साठ्यांची तपासणी करून ९१.१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचे सांगितले. जगाचे चित्र याहून चिंतेचे आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मते १९७४ मध्ये ९० टक्के साठे टिकाऊ मर्यादेत होते, २०२१ मध्ये ६२.३ टक्के. देशाची सरासरी दिलासा देते. पण सातपाटीचा मच्छीमार सरासरी पकडत नाही, तो पापलेट पकडतो. एका जातीची, एका पट्ट्यातली घसरण मोठ्या बेरजेत दिसत नाही.

केरळच्या तारलीची कहाणी याला जोडून पाहावी. २०१२ मध्ये तिथे सुमारे ४ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये ३,२९७ टन. पाण्याचे तापमान, एल निनो आणि अन्नाची कमतरता ही घसरणीची मोठी कारणे मानली जातात. त्यात वाढ न झालेली तारली जाळ्यांनी उचलल्याने साठ्याला सावरायला वेळ मिळाला नाही. हवामान बदलाच्या काळात हा धडा महत्त्वाचा आहे, कारण अरबी समुद्र तापतो आहे. पाऊस आणि वारे माणसाच्या हातात नाहीत. वाईट वर्षी जाळी आवरती घेणे मात्र आहे.

आणि वेळेवर आवरले नाही तर काय होते, हे अटलांटिकच्या पलीकडे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने पाहिले. तिथल्या कॉड माशावर पाचशे वर्षे गावे जगली. १९६८ मध्ये परदेशी कारखानी जहाजांसह आठ लाख टनांहून अधिक कॉड काढला गेला. २ जुलै १९९२ रोजी सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांच्या आसपास माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी २०२४ पर्यंत उठली नाही, आणि उठली तेव्हा वर्षाला १८ हजार टनांचीच परवानगी मिळाली.

कायदा आणि त्याची वीण

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या मासेमारीवर राज्याचा अधिकार चालतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने परवाने, क्षेत्रे आणि जाळी यांवर बंधने आणली. २०२१ मध्ये तो कडक करून दंड लाखांच्या घरात नेले. पर्ससीनबाबत डॉ. सोमवंशी समितीच्या अभ्यासावर आधारलेला आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चा. त्याने परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरवले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा चार महिन्यांचा केला आणि आस किमान २५ मिलिमीटर ठेवला. पण मासा १२ मैलांची रेषा ओळखत नाही आणि दिवे बंद करून पळणारी होडीही तिचा फायदा घेते. गस्तीच्या नौका मोजक्या, किनारा लांब. जानेवारी २०२५ पासून राज्याने ड्रोनने पाहणी सुरू केली आहे.

पावसाळी बंदी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. ती नव्वद दिवसांची करावी, मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, ही अनेक पारंपरिक मच्छीमार संस्थांची मागणी आहे. ज्यांचे पोट बंदीने थांबते तेच लोक ती वाढवून मागतात, यावरून त्यांनी समुद्रात काय पाहिले आहे याची कल्पना यावी.

२०२३ मध्ये राज्याने दोन गोष्टी केल्या. ४ सप्टेंबरला चंदेरी पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर झाला. आणि ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरले. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा आणि बोंबील १८० मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचा नाही आणि विकायचाही नाही. १३५ मिलिमीटर म्हणजे आजच्या मोबाइल फोनपेक्षाही थोडी कमी लांबी. एवढी किमान अपेक्षाही कायद्यात लिहावी लागली. नियम विक्रीलाही लागू असणे महत्त्वाचे, कारण समुद्रातली प्रत्येक होडी तपासता येत नाही, पण मासळी शेवटी ससून डॉक, भाऊचा धक्का, मिरकरवाडा अशा मोजक्या ठिकाणी उतरते. हर्णै बंदरावर संध्याकाळी वाळूत लिलाव लागतो, तेव्हा सुरमई, कोळंबी, बांगड्याचे ढीग पायाशी पडलेले असतात आणि बोली मिनिटाभरात संपते. माप घेणारा माणूस तिथे, त्या मिनिटात हवा.

एक अडचण खरी आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. डोलीचा आस नुसता मोठा करून भागत नाही. जवळा जन्मभर बारीकच असतो. खोल्याचा आस वाढवला तर जवळा निघून जातो, आणि सुका जवळा व वलांडीवर वाळवलेले बोंबील विकून घर चालवणाऱ्या बायकांचा धंदाच बसतो. पण त्याच बारीक आसात पापलेटची पिल्लेही सापडतात. म्हणजे पर्ससीन आणि ट्रॉलविरुद्ध बोट दाखवणाऱ्या पारंपरिक जाळ्याचाही पापलेटच्या घटीत वाटा आहे. मच्छीमार संघटनांतले जाणते लोक हे मान्य करतात, आणि तिथूनच खरी चर्चा सुरू होते: पिल्लांच्या महिन्यांत कोणत्या कवी बंद ठेवायच्या, त्या काळात त्या घरांनी खायचे काय, आणि डिझेलवरच्या कराचा परतावा वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या माणसाने सरकारच्या आश्वासनावर किती विसंबायचे.

सामाईक साधनांचा नाश अटळ असतो असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे तपासून दाखवले की वापरणारे लोक स्वतः नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि मोडणाऱ्याला चढत्या क्रमाने दंड करतात, तिथे अशी साधने शतकानुशतके टिकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कवींची वाटणी, रापणीचे वाटे, सातपाटीच्या सहकारी संस्था ही त्याच जातीची व्यवस्था आहे. ती मोडते केव्हा, तर बाहेरून इतकी मोठी होडी येते की गावाचा दंड तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे राज्याने उभे राहायचे असते.

जाळ्याबाहेरची कारणे

मासा फक्त जाळ्याने कमी होत नाही. खाड्यांत उतरणारे कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी, प्लास्टिक आणि भराव यांनी पिल्लांची जागाच आक्रसते. जाळे ओढताना खोल्यात मासळीबरोबर पिशव्या येणे हे मुंबईजवळच्या डोलीत रोजचे झाले आहे. २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाल्यापासून तिवरांच्या रक्षणाला बळ आले. हे काम मासेमारीसाठी किती मोलाचे आहे, हे आकड्यांत सांगणे कठीण, पण तिवरांशेजारी कोळंबी आणि खेकडे पकडणाऱ्याला सांगावे लागत नाही. दुसऱ्या बाजूला डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याचा ७६,२२० कोटींचा आराखडा मंजूर होण्याआधीपासून परिसरातल्या मच्छीमारांचा विरोध आहे, कारण भराव आणि जहाजांचा मार्ग पापलेट-घोळीच्या पाण्यात येतो. तेलविहिरींभोवती पाचशे मीटरचे निषिद्ध क्षेत्र आधीच आहे. समुद्राचे वाटेकरी वाढत आहेत आणि त्यांत मच्छीमार सर्वांत जुना असूनही त्याच्या नावावर एक इंचही पाणी नाही.

समुद्रातल्या दुर्मीळ प्राण्यांबाबत मात्र एक साधी योजना चांगली चालली. जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी मुशी (व्हेल शार्क) अडकली तर मच्छीमाराने जाळे कापून तिला सोडावे, छायाचित्र पाठवावे आणि जाळ्याची भरपाई घ्यावी, कमाल २५ हजार रुपये. डिसेंबर २०१८ पासून राज्यात सुरू झालेल्या या योजनेत दोनशेहून अधिक प्राणी सुटले. कासव हवेत श्वास घेते, म्हणून ते जाळ्यातून वेळेत वर आले तर जगते. पापलेटच्या पिल्लाचे तसे नाही. डोलीचा खोला होडीवर उघडेपर्यंत ते बहुधा मेलेले असते आणि परत पाण्यात टाकून काही साधत नाही. त्याला सोडवायचे तर जाळे पाण्यात जाण्याआधीच, महिना आणि कव पाहून.